आत्मविश्वासाचा जाहीर कार्यक्रम

वास्कोत कुणी कुणाला 'कशी आहेस' असं विचारत बसत नाही. त्यात वेळ जातो, शिवाय उत्तर खोटं मिळतं. इथे समोरच्या बाईला एकदा डोक्यापासून पायापर्यंत बघायचं आणि निकाल जाहीर करून मोकळं व्हायचं. "मोटी जाल्या गो!" हा सर्वसाधारण निकाल. चुकून चार किलो उतरलेच तर "बारीक कशी जाल्या? बरी आसा मगो?" असा काळजीचा निकाल लागतो आणि संध्याकाळपर्यंत आपल्याला काहीतरी असाध्य झाल्याची बातमी बायण्यापर्यंत पोचते. मधलं, म्हणजे 'बरोबर आहेस' असं वजन वास्कोत अस्तित्वातच नाही.

मासळीवाली तर माझ्याकडे बघूनच तागडीत मासळी टाकते. मी अर्धा किलो बांगडे मागितले की तिचा हात थांबतो. "अर्द्या किलोन तुजें कितें जातलें गो?" मागे उभ्या असलेल्या बायका हसतात. मीही हसते आणि एक किलो घेते. आत्मविश्वास डळमळला की गिऱ्हाईक जास्त माल उचलतं, हे सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांना कळण्याआधी कितीतरी वर्षं खारीवाड्यातल्या मासळीवाल्यांना कळलं असणार.

माहेर पेडण्याला. तिथे आत्या दारातच गालाला हात लावून म्हणते, "किती गो वाळलीस! सासरी जेवायला घालतात ना?" हा आनंद पानावर बसेपर्यंत टिकतो. दुसऱ्यांदा भात मागितला की तीच आत्या म्हणते, "वाढते हो, पण परत जाताना कदंबच्या बसमध्ये दोन तिकिटं काढ." दारापासून पानापर्यंतच्या अंतरात माझं वजन इतकं कसं वाढतं, हे मला अजून उलगडलेलं नाही.

हे झालं वजनाचं. रंगाचा विषय वास्कोकराने काढूच नये. लग्न ठरलं तेव्हा मावशीने गोरं करणारं एक क्रीम दिलं होतं. रोज रात्री लाव आणि खिडकीतल्या वाऱ्यावर सुकू दे, अशी सूचना. क्रीम चिकट, आणि आमच्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यात बंदरावरची कोळशाची भुकटी. मी जितकं मन लावून गोरी होत होते तितका कोळसा माझ्यावर मन लावून बसत होता. सकाळी आरशात मी नाही, आमचं बंदर दिसायचं. २०२० साली 'फेअर अँड लव्हली'ने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला, तेव्हापासून आमच्याकडे मुली बघायला येणारेही सुधारले आहेत. त्यांना आता गोरी मुलगी नको असते. 'ग्लो' असलेली हवी असते, आणि तो ग्लो फोटोत आधी दिसायला हवा असतो.

अशा गावात यंदा ८ मार्चला आमच्या सोसायटीने आत्मविश्वासाचा जाहीर कार्यक्रम ठरवला. महिला दिन असल्यामुळे सगळं ठरवायला अर्थातच सेक्रेटरी होते. सेक्रेटरींच्या शर्टाचं चौथं बटण कित्येक वर्षांपूर्वी राजीनामा देऊन गेलंय, डोक्यावर मोजून घ्यावेत इतके केस आहेत, आणि तरी लिफ्टच्या आरशासमोर उभे राहिले की ते स्वतःकडे ज्या कौतुकाने बघतात तसं माझ्याकडे माझ्या आईनेसुद्धा कधी बघितलेलं नाही.

"विषय घेतलाय 'सौंदर्य आणि आत्मविश्वास'," ते सभेत म्हणाले. "बायकांच्यात आत्मविश्वास कमी असतो."

"आणि पुरुषांच्यात?" दुसऱ्या मजल्यावरच्या टीचरनी विचारलं.

"पुरुषांचं काय?" सेक्रेटरी म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

भाषणाला माणसं येत नाहीत, म्हणून सिनेमा दाखवायचं ठरलं. मग कुठला, यावर वाद. 'दम लगा के हैशा' सगळ्यांनी बघितलेला होता. २०१५ सालचा, हरिद्वारची गोष्ट. त्यातला नवरा दहावीसुद्धा पास नाही, कॅसेटच्या दुकानात बसतो. बायको शिकून मास्तरीण व्हायच्या वाटेवर. आणि लग्न फसलं असं वाटतं ते नवऱ्याला, कारण बायको जाड. शेवटी नवऱ्यांनी बायकांना पाठीवर घेऊन पळायची शर्यत आहे. पहिल्या मजल्यावरच्या वहिनीने सुचवलं की सिनेमा संपल्यावर आपणही अशी शर्यत ठेवू. सभेतल्या पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं. कुणाला मणक्याचा त्रास आठवला, कुणाला मधुमेह.

"मग आम्ही तुम्हांला घेऊन पळतो," वहिनी म्हणाली.

आता पुरुषांना वजनाचा विषय खाजगी वाटू लागला. सूचना इतिवृत्तात न घेण्याचं ठरलं.

टकलावरचा सिनेमा लावा असं कुणीतरी म्हणालं, पण त्यात निवड करणं अवघड. २०१९च्या नोव्हेंबरात एका शुक्रवारी 'उजडा चमन' आला आणि पुढच्याच शुक्रवारी 'बाला'. दोन्हींचे नायक टकले. देशात इतकी वर्षं टक्कल होतं तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि एकदम आठवड्यात दोन सिनेमे. शिवाय 'बाला'त सावळ्या मुलीचंही दुःख आहे, ते दाखवायला भूमी पेडणेकरला मेकअप लावून काळी केली होती. वास्कोत आणली असती तर आमच्या खिडकीत उभी करून मेकअपचा खर्च वाचवता आला असता. सेक्रेटरींना टकलाचा विषय 'आपल्या सोसायटीत लागू नाही' असं वाटलं, त्यामुळे तोही मागे पडला.

शेवटी मराठी म्हणून 'वजनदार'वर शिक्कामोर्तब झालं. सचिन कुंडलकरांचा सिनेमा, सई ताम्हणकर आणि प्रिया बापट, पाचगणीतल्या दोन जाड मैत्रिणींची गोष्ट. या दोघींनी त्यासाठी खरोखर वजन वाढवलं होतं, म्हणजे दिग्दर्शकाच्या परवानगीने आणि निर्मात्याच्या खर्चाने जेवल्या होत्या. मी हेच काम वर्षानुवर्षं घरच्या खर्चाने करतेय, कुणी पोस्टर छापलेलं नाही. पुढे सिनेमा झाला की या नट्या उतरतात आणि कशा उतरल्या ते सांगतात. भूमी पेडणेकरने 'दम लगा के हैशा'नंतर आपला आहार इंटरनेटवर जाहीर केला होता. 'जशी आहेस तशी छान आहेस' हा सिनेमा बघून रडलेल्या आमच्या बायकांनी तो आहार वहीत उतरवून घेतला. माझी वही अजून आहे. त्यात पहिल्या पानावर कोमट पाणी आहे आणि दुसऱ्या पानापासून दूधवाल्याचा हिशेब.

'वजनदार' ११ नोव्हेंबर २०१६ला आला. त्याच्या तीनच दिवस आधी, ८ तारखेला रात्री आठ वाजता पाचशे-हजारच्या नोटा बंद केल्याचं जाहीर झालं होतं. त्या आठवड्यात बँकेच्या रांगेत उभं राहून अख्खा देश आपोआप बारीक होत होता. पाकिटं तर उपाशीच होती. सिनेमाला कोण जाणार? त्यामुळे सोसायटीत तो कुणीच बघितलेला नव्हता, आणि आठ वर्षांहून जास्त उशिरा का होईना, आम्ही प्रीमियर करणार होतो.

प्रायोजक म्हणून मिळालं गावातलंच एक ब्यूटी पार्लर. दारात त्यांची मुलगी बसली होती आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीच्या हातात कूपन देत होती: फेशियलवर सूट, 'टमी ट्रिम'वर जास्त सूट. समोर कापडी फलक, 'तुम्ही जशा आहात तशाच सुंदर आहात', आणि खाली पार्लरची वेळ. मी कूपन घ्यायला हात पुढे केला तर त्या मुलीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि न मागता दोन दिली.

खाण्याचा प्रश्न सभेत दोनदा आला होता. जाड मुलींच्या सिनेमाला तळलेलं ठेवायचं का? एक पक्ष म्हणाला की आज तरी सॅलड ठेवू. दुसरा पक्ष म्हणाला की आज तरी बटाटेवडे ठेवू, आजचा विषयच तो आहे. तडजोड म्हणून दोन्ही ठेवले. वडे नऊ मिनिटांत संपले आणि सॅलड सेक्रेटरींच्या बायकोने घरी नेलं, कारण काकडी महाग झाली आहे.

मग सिनेमा सुरू झाला, आणि इथे प्रोजेक्टरने घात केला. सेक्रेटरींच्या भाच्याने कुठलं तरी बटण दाबलेलं नव्हतं किंवा जास्तीचं दाबलेलं होतं. रुंद चित्र दोन्ही बाजूंनी दाबून पडद्यात बसवलेलं आलं. पडद्यावरची सगळी माणसं उंच आणि सडपातळ. दोन्ही नायिका वेताच्या छडीसारख्या. आणि पडद्यावरचे लोक मात्र त्यांना जाड म्हणत होते, त्या बिचाऱ्या स्वतःलाही जाड समजून झुरत होत्या.

हॉलमध्ये हळूहळू शांतता पसरली.

"हिला जाडी म्हणतात?" वहिनी माझ्या कानात म्हणाली. "मग आपण कोण गो?"

"सिनेमातले लोक कडक असतात," मी म्हणाले. माझाही घसा कोरडा पडला होता. मागच्या रांगेतल्या दोघींनी उरलेला अर्धा वडा रुमालात बांधून ठेवला. आत्मविश्वास वाढवण्यासाठी जमवलेल्या पन्नासेक बायकांचा होता नव्हता तो आत्मविश्वास पहिल्या वीस मिनिटांत प्रोजेक्टरने सपाट केला. पार्लरची मुलगी आत येऊन उभी राहिली होती. दोघी-तिघींनी अंधारातच तिच्याकडे टमी ट्रिमची चौकशी केली.

अखेर टीचर ओरडल्या, "अरे, तो नायक बघा, विजेचा खांब झालाय! चित्र चुकलंय!"

भाच्याने रिमोट घेतला आणि आता दुसऱ्या टोकाला गेला. पाचगणीचे डोंगर बसके झाले, मोटारी आडव्या पसरल्या, आणि सिनेमातली यच्चयावत माणसं, नायकसुद्धा, चौकोनी दिसू लागली. एकही बारीक माणूस उरला नाही. हॉलमधला ताण सुटला. रुमालातले वडे बाहेर आले.

"आता बरा दिसतो," तळमजल्यावरच्या आजी नायकाकडे बोट दाखवून म्हणाल्या. "घरातल्यासारखा."

भाचा तिसरं बटण दाबायला निघाला तेव्हा बायकांनी त्याला थांबवलं. पण सेक्रेटरींनी 'तांत्रिक शुद्धता' असं काहीतरी म्हणून चित्र पूर्वपदावर आणवलंच. पुढचा सिनेमा छान होता. आम्ही हसलो, आणि योग्य तिथे पदर डोळ्यांना लावला. माझ्या शेजारच्या बाईने नायिकेला तिच्या सगळ्या किलोंसकट पोटाशी धरलं असतं. मध्यंतरात हीच बाई माझ्या हाताला चिमटा घेऊन म्हणाली होती, "ब्लाउज शिवून आणल्यावर वाढलीस की शिंपी चुकला?"

मध्यंतरात आजींनी सभा ताब्यात घेतली. त्या मूळच्या डिचोलीच्या आणि वय नव्वदीकडे. "सौंदर्याचं तुम्हांला काय कळतंय?" त्या म्हणाल्या. "माझी आई पदर घ्यायची तो बालगंधर्वांसारखा. नथ तशी, केस तसे. सगळ्या घरंदाज बायका त्या नारायणरावांसारखं दिसायला बघायच्या."

पार्लरची मुलगी चक्रावली. "ते जेंट्स होते ना?"

"तर!" आजी म्हणाल्या. "मग पुढे त्यांचं वय झालं, अंग सुटलं. म्हणून लोकांनी त्यांची भामिनी बघायची सोडली? आणि तुझ्या त्या कूपनात त्यांना काय मिळालं असतं?"

मुलीने कूपनं पर्समध्ये टाकली.

मला आमच्या पेडण्याच्या जत्रा आठवल्या. रात्रभर दशावतार, आणि त्यातली राणी इतकी देखणी की माझी थोरली वहिनी एकदा तिच्या भुवया कशा कोरल्यात ते विचारायला रंगपटात शिरली. राणी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून विडी ओढत बसली होती. दिवसा हा माणूस गवंडीकाम करतो. "वहिनीनू, त्याला काय लागतंय," राणी भरड्या आवाजात म्हणाली, "हात थरथरला नाय म्हणजे झालां." वहिनी घरी आली आणि बरेच दिवस गप्प होती. एका गवंड्याने आपल्याला मागे टाकलं, हे पचायला वेळ लागतो.

आजींच्या बालगंधर्वांवर टीचरनी रीता फारिया काढली. गोंयकार आई-बापांची मुलगी, मुंबईत ग्रँट मेडिकलमध्ये शिकणारी, १९६६च्या नोव्हेंबरात लंडनला जाऊन मिस वर्ल्ड झाली. आशियातली पहिली. आणि गेली ती साडी उसनी घेऊन, पोहण्याचा पोशाखही उसना घेऊन. मुकुट मिळाल्यावर वर्षभर फिरली आणि पुढे डॉक्टर झाली.

"उसन्या कपड्यांवर जग जिंकलं," आजी म्हणाल्या, "आणि आमच्या नातीचं कपाट लागत नाही इतकं भरलंय, तरी 'आजी, मला घालायला काही नाही'."

नात मागे बसून फोनमध्ये बघत होती. ती म्हणाली, "आजी, रीता फारियाच्या वेळी रील्स नव्हत्या."

सिनेमा संपल्यावर चर्चासत्र होतं. प्रत्येकीने उठून स्वतःची एक आवडती गोष्ट सांगायची, शरीरातली. कुणी उठेना. माझी पाळी आली तेव्हा मी खूप विचार करून 'कान' म्हणाले. त्यावर आजवर कुणी काही बोललेलं नव्हतं. लगेच मागून आवाज आला, "जरा मोठेच आहेत." वहिनीने 'डोळे' सांगितलं, तर तिच्या नवऱ्याने मान डोलावून 'चष्मा काढला की' अशी पुरवणी जोडली. टीचरनी 'अक्षर' सांगितलं, ते शरीरात बसत नाही म्हणून बाद झालं.

"पुरुषांपैकी कुणी?" टीचरनी रागानेच विचारलं.

सेक्रेटरी तत्काळ उठले. व्यक्तिमत्त्व, आवाज, चाल, खांदे, असं ते बोलत राहिले. पुढे कॉलेजात त्यांना लोक कुठल्या नटासारखं म्हणत तेही आलं. माइक काढून घ्यावा लागला. आत्मविश्वासाचं पहिलं बक्षीस परीक्षकांनी एकमताने त्यांना दिलं. बक्षिसात फेशियल होतं. ते त्यांनी करून घेतलं, हेही इथे नोंदवते, आणि आता लिफ्टला जास्त वेळ लागतो.

सगळ्यात शेवटी फोटो. आत्ताच तीन तास आम्ही स्वतःला स्वीकारत होतो, त्यामुळे पुढच्या रांगेत कुणी उभी राहील असं वाटलं होतं. पण सगळ्याच मागच्या रांगेत गेल्या. पुढची रांग रिकामी, मागची भिंतीत शिरायच्या बेतात. "मला कमरेपासून वर घे." "माझी डावी बाजू." "तू माझ्यापुढे उभी राहा गो, तुझ्यामागे मी मावते." हे शेवटचं मला उद्देशून होतं. पुढच्या रिकाम्या रांगेत सेक्रेटरी एकटे, पोट पुढे, हात मागे.

रात्री नातीने फोटो ग्रुपवर टाकण्याआधी त्यावर हात फिरवला. सगळ्यांचे चेहरे गुलाबी आणि गुळगुळीत, हनुवट्या एकेक, कमरा आत. ग्रुपवर बदाम आणि फुलं यांचा पाऊस पडला. मी तो फोटो आत्याला पेडण्याला पाठवला, तर उलट उत्तर आलं, "छान आहे, पण यात तू कुठली?" तरी आम्ही खूश होतो. मध्यरात्रीच्या सुमारास सेक्रेटरींचा मेसेज आला: "भिंतीवरचं कॅलेंडर बघा."

आम्ही बघितलं. माझ्या नेमकं मागे गणपतीचं कॅलेंडर होतं. माझी कंबर आत ओढताना नातीच्या बोटाने मागचा गणपतीही आत ओढला होता. लंबोदराचं पोट सपाट! दाराची चौकटही वाकली होती, पण तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

गहजब झाला. "देवाचं पोट कमी करतात?" "चवथ जवळ आली की विघ्न येईल." "जसा आहे तसाच सुंदर दिसतो तो!" हे वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मनापासून लिहिलं होतं, आणि त्याला ग्रुपमधल्या प्रत्येकाने अंगठा दिला. सेक्रेटरींनी फर्मान काढलं की फेरफार केलेला फोटो ताबडतोब काढून टाकावा आणि मूळ फोटो टाकावा.

मूळ फोटो. ग्रुपवर पाच मिनिटं कुणी काही लिहिलं नाही. मग आजींनी, ज्या एरवी फक्त 'शुभ प्रभात' पाठवतात, स्वतः टाइप करून सुचवलं: "कॅलेंडर कापा."

नातीने वरचा भाग कापला. गणपतीबरोबर मागच्या रांगेतल्या दोघींची डोकीही गेली, पण त्या दोघींनी कळवलं की कमरा चांगल्या आल्यात, राहू दे.